झांस्करच्या घळीत उतरण्यापूर्वी : पहिल्या मोठ्या राफ्टिंग मोहिमेची तयारी

पुण्या-मुंबईच्या जवळजवळ प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपमध्ये चादर ट्रेक केलेली चार-दोन माणसं सापडतात. जानेवारी-फेब्रुवारीत ती ज्या गोठलेल्या नदीवरून चालतात, तीच लडाखमधली झांस्कर नदी ऑगस्टमध्ये राखाडी पाण्याने भरून, कड्यांना धडका देत वाहत असते. पदुमच्या परिसरातून निघून निम्मूला सिंधूच्या संगमापर्यंत पाच-सहा दिवस तिच्यावरून राफ्टने, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीने, जाता येतं. दिवसभर पाण्यावर, रात्री वाळूच्या पट्ट्यावर तंबू. आपल्या देशात इतका लांब आणि इतका एकांतातला नदीप्रवास फार थोड्या ठिकाणी आहे. ज्यांनी कधी वल्हं हातात धरलेलं नाही, त्यांनीही तो करावा असं मला मनापासून वाटतं.

फक्त एक गोष्ट आधीच सांगते. या नदीवरचे बहुतेक महत्त्वाचे निर्णय पाण्यावर घेतले जात नाहीत. ते तीन-चार महिने आधी, घरी, फोनवर आणि कॅलेंडरसमोर घ्यावे लागतात. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

सुरुवातीला : नदी समजून घ्या

झांस्करचे दोन मुख्य प्रवाह आहेत. पेन्सी ला खिंडीजवळच्या द्रांग-द्रुंग हिमनदीतून दोदा निघते, तिला स्तोदही म्हणतात. दुसऱ्या बाजूने त्सारपचं पाणी घेऊन लुंगनाक येते. पदुमजवळ दोघी एकत्र होतात आणि तिथून नदी उत्तरेकडे वळून घळीत शिरते. चिलिंगजवळ मार्खा नदी मिळते आणि निम्मूला सिंधू.

हे सगळं पाणी मुख्यतः बर्फाचं. म्हणजे ऊन तापलं की नदी वाढते. दुपारी वर वितळलेलं पाणी घळीत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे मुक्कामी रात्री पाणी चढतं आणि सकाळी उतरलेलं दिसतं. आपण सह्याद्रीत 'पाऊस पडला की नदी वाढते' एवढंच शिकलेलो असतो. इथे निरभ्र आकाश आणि कडक ऊन हीसुद्धा पाणी वाढायचीच लक्षणं आहेत.

खडकांमधून पाणी उसळत धावतं त्या टप्प्याला रॅपिड म्हणतात. त्याचा अवघडपणा मोजायची आंतरराष्ट्रीय पट्टी १ ते ६ अशी आहे. १ म्हणजे संथ वाहतं पाणी. ३ म्हणजे मोठ्या, अनियमित लाटा, जिथे राफ्ट वळवता यायला हवी. ४ म्हणजे ताकदीचं पाणी, जिथे वाट चुकली तर राफ्ट उलटू शकते. ६ म्हणजे थेट जिवाशी गाठ. झांस्करवर बराचसा प्रवास २ आणि ३ चा आहे. घळीतल्या काही जागा पाण्याच्या पातळीप्रमाणे ४ पर्यंत जातात. पण पाणी बर्फासारखं गार आणि दवाखाना दूर असेल, तर अनुभवी माणसं तोच रॅपिड मनात एक श्रेणी वर धरतात. तुम्हीही तसंच धरा.

मोसम जुलैअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. नवख्यांनी ऑगस्टचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबरचा पहिला आठवडा निवडावा असं माझं मत आहे. तोवर पाणी थोडं उतरलेलं असतं आणि दिवसाचं ऊनही पुरेसं असतं.

चार महिने आधी : कोलाडला भिजा

आपल्याकडच्या माणसाला सरावासाठी कुंडलिका नदीसारखी दुसरी सोय नाही. मुळशी धरणाचं पाणी कड्यावरून खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, वीज करून सुटतं आणि कुंडलिकेत मिळतं. त्या पाण्यावर कोलाडची राफ्टिंग चालते. भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून चालू आहे. मुळात हे पाणी मुळा नदीचं, पूर्वेकडे जाणारं. ते पश्चिमेला वळवण्यासाठी ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्या मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. कोलाडला राफ्ट पाण्यात ढकलताना मला ते दरवेळी आठवतं, आणि तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असावं असं वाटतं.

कोलाडला एकदा जाऊन फोटो काढून परत येऊ नका. दोन-तीनदा जा, आणि गाइडला आधीच सांगा की आम्ही झांस्करची तयारी करतोय, आम्हाला पाण्यात पाडा. चांगला गाइड हे ऐकून खूश होतो. शिकायच्या गोष्टी मोजक्याच आहेत.

पाण्यात पडलात तर पाठीवर व्हायचं. पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पावलांची बोटं पाण्याबाहेर दिसतील अशी. खडक आला तर पाय त्याला टेकतील, डोकं नाही. वाहत्या पाण्यात कमरेइतकी खोली असली तरी उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाऊल दोन दगडांत अडकलं तर प्रवाह माणसाला पुढे पाडतो आणि दाबून धरतो. मी पहिल्यांदा पडले तेव्हा तळ पायाला लागल्याबरोबर उभी राहायला गेले. शरीराला ते इतकं स्वाभाविक वाटतं. गाइड काठावरून ओरडला, 'पाय वर!' आणि मी वाचले ती सरावामुळे नाही, पाणी उथळ होतं म्हणून. तेव्हापासून माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाकडून मी हे दहा वेळा करून घेते.

दुसरी गोष्ट दोरीची. काठावरून किंवा राफ्टवरून एक छोटी पिशवी फेकतात, तिच्यातून दोरी सुटत येते. पिशवी पकडायची नाही, दोरी पकडायची. ती छातीशी धरायची, खांद्यावरून मागे जाऊ द्यायची आणि दोरीकडे पाठ करायची, म्हणजे तोंडावर पाणी येत नाही. दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही. सोडावी लागली तर एका क्षणात सुटली पाहिजे.

तिसरी वल्ह्याची. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी आडवी मूठ असते. ती तळव्याने झाकलेलीच राहिली पाहिजे, लाट अंगावर आली तरी. लाटेत सगळे एकमेकांवर आदळतात, आणि उघड्या मुठीने शेजाऱ्याचे दात जातात. राफ्टमधल्या जखमा बऱ्याचदा नदीमुळे होत नाहीत, याच मुठीमुळे होतात.

आणि चौथी, उलटलेल्या राफ्टखाली सापडणं. आत हवा असते, घाबरायचं नाही. हात वर करून राफ्टच्या तळाला लावायचे आणि एकाच दिशेने सरकत बाहेर यायचं. दिशा बदलली की माणूस तिथेच घुटमळतो.

जमलं तर कोलाडनंतर एक फेरी ऋषिकेशला गंगेवर करा. रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स या रॅपिडमध्ये मोठ्या नदीचं वजन कळतं, आणि पाणीही थंड असतं. पावसाळ्यात तिथे राफ्टिंग बंद असतं, म्हणून मे-जूनमध्येच उरकून घ्या.

कयाकबद्दल, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद होडीबद्दल, थोडंच सांगते. कयाकमध्ये उलटल्यावर पाण्याखालून स्वतःला सरळ करता आलं पाहिजे, आणि ते तलावात नव्हे, वाहत्या पाण्यात. ते अंगवळणी पडायला काही मोसम जातात. पहिल्या मोहिमेला राफ्टमध्येच बसा.

तीन महिने आधी : कोणाबरोबर जायचं

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. किंमत शेवटी विचारा.

पहिला प्रश्न, किती राफ्ट आणि किती सेफ्टी कयाक? एकटी राफ्ट घेऊन घळीत जाऊ नये. निदान दोन राफ्ट हव्यात, म्हणजे एक उलटली तर दुसरी मदतीला असते. पुढे किंवा बाजूने चालणारा सेफ्टी कयाक हवाच, कारण वाहून जाणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यात आधी तोच पोचतो. मी एकदा एका संयोजकाला हे विचारलं तेव्हा उत्तर आलं, 'लागला तर घेऊ.' कयाक लागतो तेव्हा तो आणायला कुठे जाणार? मी तिथेच थांबले आणि दुसरीकडे नाव नोंदवलं.

दुसरा, मुख्य गाइड ही नदी किती वेळा उतरला आहे आणि कोणत्या महिन्यांत? ऋषिकेशची शंभर वर्षं सांगितली तरी झांस्करचं उत्तर वेगळं हवं. इंटरनॅशनल राफ्टिंग फेडरेशनचं प्रमाणपत्र, वाहत्या पाण्यातल्या बचावाचं प्रशिक्षण आणि दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, हे तिन्ही कागद मागा. लडाख पर्यटन विभागाकडे नोंदणी आहे का तेही पाहा. कागद मागितल्यावर ज्याला राग येतो त्याच्याबरोबर पाच दिवस घळीत काढू नका.

तिसरा, पाणी जास्त असेल तर काय? याचं सरळ उत्तर 'थांबू, किंवा खालचाच टप्पा करू, किंवा रद्द करू' असं असायला हवं. रद्द करायचा अधिकार गाइडचा असला पाहिजे, विक्री करणाऱ्याचा नाही. आणि पैसे परत मिळण्याचे नियम लेखी घ्या, म्हणजे ऐनवेळी पैशासाठी कुणी पाण्यात उतरायचा हट्ट धरणार नाही.

वरच्या भागात काही घडलंय का, हेही विचारायची सवय लावा. ३१ डिसेंबर २०१४ रोजी त्सारपच्या खोऱ्यातल्या फुकताल भागात दरड कोसळून नदी अडली. मागे मोठा तलाव साचला आणि ७ मे २०१५ रोजी तो बांध फुटला. खालच्या गावांचे पूल वाहून गेले. अशा घटना रोज होत नाहीत, पण झाल्यावर नदीचं पात्र बदलतं आणि जुन्या माणसांची आठवण उपयोगी पडत नाही.

नव्या रस्त्याबद्दलही स्पष्ट विचारा. निम्मू-पदुम-दारचा हा सीमा रस्ते संघटनेचा रस्ता २०२४ मध्ये जोडला गेला आणि तो घळीतून जातो. यामुळे पूर्वीचा एकांत कमी झाला, हे मला खुपतं. पण माणूस आजारी पडला तर बाहेर काढायच्या काही जागा आता आहेत, आणि त्या नेमक्या कुठे आहेत हे तुमच्या गाइडला ठाऊक असलं पाहिजे. रस्त्यासाठी फोडलेले दगड जिथे पात्रात उतरले असतील, तिथे पाण्याची वाट बदललेली असू शकते. त्या मोसमात तिथून उतरून गेलेला माणूस तुमच्या चमूत आहे का?

दोन महिने आधी : कागद, डॉक्टर, कॅलेंडर

रजा पंधरा दिवसांची काढा. तीन दिवस लेहमध्ये, दोन दिवस पदुमचा प्रवास, पाच-सहा दिवस नदी, आणि शेवटी दोन दिवस पूर्ण मोकळे. हे मोकळे दिवस चैनीचे नाहीत. गाडी दरडीपाशी अडकली, पाणी चढलं, लेहचं विमान हवामानामुळे रद्द झालं, यातलं एखादं तरी होतंच. मोकळे दिवस नसले की सगळा गट घाई करायला लागतो, आणि घाईत रॅपिड नीट न बघता उतरला जातो.

विम्याच्या कागदात 'साहसी खेळ वगळून' हे शब्द आहेत का ते स्वतः वाचा. बहुतेक साध्या पॉलिसींत ते असतात. राफ्टिंग, उंचीवरचा आजार आणि हेलिकॉप्टरने सुटका हे तिन्ही स्पष्ट लिहिलेलं असेल अशीच पॉलिसी घ्या.

हृदयाचा त्रास, फिट येणं, खांदा निखळायची सवय, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर या वर्षी जाऊ नका. बाकीच्यांनीही डॉक्टरांना भेटून उंचीवरच्या आजाराच्या गोळीबद्दल विचारावं. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

बाहेरच्या राज्यांचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. घळीत तेही चालत नाही. आणि परदेशातून आलेल्या भावाबहिणींना मुद्दाम सांगते, उपग्रह फोन किंवा उपग्रहाने संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय भारतात आणणं बेकायदा आहे. तिकडे ते कुठल्याही दुकानात मिळतं म्हणून सोबत टाकून आणू नका, विमानतळावर अडकाल. मदत मागवायची संयोजकाची व्यवस्था काय, एवढंच पक्कं विचारा आणि ती घरच्यांना लिहून द्या.

सामान

सुती कपडे घरी ठेवा. ओला सुती सदरा अंगातली ऊब काढून घेतो. लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे कपडे, त्यावर वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख), त्यावर पाणी अडवणारं जाकीट असे थर हवेत. वेटसूट बहुतेक संयोजक देतात, पण माप आधी कळवा. ढिला वेटसूट आत पाणी खेळवतो आणि त्याचा उपयोग संपतो. पायात घट्ट बांधलेले बूट किंवा सँडल, चप्पल अजिबात नको. चश्म्याला मागून दोरी. ओठांना लावायला मलम भरपूर, तिथल्या कोरड्या वाऱ्यात तिसऱ्या दिवशी ओठ फाटतात. मुक्कामाच्या कपड्यांचा एक पूर्ण जोड वेगळ्या कोरड्या पिशवीत ठेवा आणि कितीही मोह झाला तरी तो पाण्यावर घालू नका.

लाइफ जॅकेट घातल्यावर कुणाला तरी ते दोन्ही खांद्यांना धरून वर खेचायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर पट्टे सैल आहेत किंवा माप चुकलंय. श्वास घेताना थोडं कोंडल्यासारखं वाटलं पाहिजे. हे रोज सकाळी करायचं, कारण ओले पट्टे रात्रीत सैलावतात.

लेह आणि पुढे

लेह ३,५०० मीटरवर आहे. समुद्रसपाटीच्या मुंबईतून सकाळी निघालेला माणूस दुपारी तिथे असतो, आणि शरीराला ते कळायला दोन-तीन दिवस लागतात. पहिला दिवस झोपून काढा. पाणी प्या, दारू नको, बाजारही उद्या. डोकेदुखी, मळमळ असेल तर ती बरी होईपर्यंत आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी दम लागला, तर थेट सोनम नुर्बू स्मारक रुग्णालय गाठा.

पदुमला कारगिलमार्गे गेलात तर पेन्सी ला ओलांडावी लागते, उंची सुमारे ४,४०० मीटर. वेळ जास्त जातो, पण द्रांग-द्रुंग डोळ्यांसमोर येते. ज्या पाण्यावर पुढचे पाच दिवस काढायचे आहेत ते कुठून सुटतं, हे एकदा बघून घ्यावं असं मला वाटतं.

पाण्यावर

थंड पाण्याचा एक हिशेब पाठ करा : एक, दहा, एक. पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास आवरत नाही, माणूस तोंड उघडून धापा टाकतो. तेव्हा पोहायचं नाही, फक्त तोंड पाण्याबाहेर ठेवून श्वास ताब्यात आणायचा. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातापायांत काम करण्याइतकी ताकद असते. दोरी धरायची, काठ गाठायचा तो याच वेळेत. शुद्ध हरपायला त्यानंतरही बराच वेळ, तासभराच्या आसपास लागतो. झांस्करमध्ये हात बुडवला की मनगटात कळ येते, तेव्हा हा हिशेब आपोआप लक्षात राहतो.

गाइडची आज्ञा ऐकायची आणि लगेच करायची. फॉरवर्ड म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम वल्हं मारायचं, पुढच्या डावीकडच्या माणसाकडे बघून ताल धरायचा. लाटेत वल्हं मारणं थांबवणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक. वल्हं पाण्यात असतं तेव्हा तेच तुम्हाला धरून ठेवतं. खडकावर राफ्ट आडवी लागली तर सगळ्यांनी खडकाच्या बाजूला झुकायचं. मन उलट्या बाजूला ओढतं, आणि तसं केलं की पाणी राफ्टमध्ये शिरून ती खडकाला चिकटते.

मोठ्या रॅपिडआधी गाइड राफ्ट काठाला लावून वर चढतात आणि पाणी बघतात. तुम्हीही जा. पाणी कुठे जीभ काढल्यासारखं गुळगुळीत खाली उतरतं, कुठे खडकामागे उलटं फिरून संथ होतं (अशा जागेला गाइड एडी म्हणतात), कुठे परत उलटून पांढरं होतं, ते त्यांना विचारा. आणि चालत जाऊन खाली राफ्ट गाठावी असं वाटलं, तर तसं सांगा. तो हक्क प्रत्येकाला असतो.

दुपारनंतर घळीत खालून वर जोराचा वारा सुटतो. म्हणून सकाळी लवकर निघून दुपारी तंबू लावलेले बरे.

मुक्कामी

तंबू नाल्याच्या तोंडाशी लावू नका, जागा कितीही सपाट दिसली तरी. लडाखमध्ये पाऊस क्वचित पडतो, पण पडला की नाले दगडमाती घेऊन येतात. २०१० च्या ऑगस्टमध्ये लेहला ढगफुटीत काय झालं, ते तिथल्या माणसांना आजही विचारा.

घळीतल्या न्येरकच्या मुक्कामी आमच्या गाइडने संध्याकाळी पाण्याच्या काठावर मुठीएवढा पांढरा दगड ठेवला. मी विचारलं तर म्हणाला, रात्री उठलीस तर बघ. दोनच्या सुमारास टॉर्च घेऊन गेले. दगड दिसेना. मग पाण्याखाली, काठापासून हातभर आत, तो चमकला. राफ्ट आम्ही झोपण्याआधी दोन माणसांच्या उंचीएवढ्या वर ओढून बांधल्या होत्या, ते का, हे तेव्हा कळलं. सकाळी सहाला दगड पुन्हा कोरडा होता, त्याच्या कडेला बारीक राखाडी गाळाची रेघ. तेव्हापासून प्रत्येक मुक्कामी दगड ठेवायचं काम मी मागून घेते.

तोच गाळ पाण्यात असतो, म्हणून नदीचं पाणी पिऊ नका. बाजूच्या झऱ्याचं आणा आणि उकळून घ्या. शौचासाठी संयोजक बंद डबा नेतो, तो वापरायचा आणि सगळं परत न्यायचं. इथे जमीन कोरडी आणि थंड असल्यामुळे काहीही लवकर कुजत नाही. संत्र्याची सालसुद्धा पुढच्या वर्षी तिथेच मिळते.

निम्मूला संगमाच्या खाली झांस्कर आणि सिंधूचं पाणी बराच वेळ वेगवेगळ्या रंगाचं शेजारी शेजारी वाहतं. तिथे गाडीत कोरड्या कपड्यांची एक पिशवी आधीच ठेवलेली असू द्या. लेहला परतल्यावर वेटसूट धुऊन सावलीत वाळत घाला, आणि त्याच रात्री वहीत लिहून ठेवा : कोणत्या तारखेला, कोणत्या रॅपिडवर, पाणी कुठल्या खडकापर्यंत होतं. पुढच्या वर्षी तुमच्या ग्रुपमधला कोणीतरी पहिल्यांदा जायला निघेल आणि फोन करून नेमकं हेच विचारेल.